मुनीमचं जेवण

त्रिशलाबाईंना एका जागी बसणं माहीतच नव्हतं. चहा उकळेपर्यंत त्या दोनदा दारात जाऊन यायच्या, एकदा गॅलरीत, आणि तेवढ्यात चहा उतू जायचा. अशा बाईवर औषधपाण्याची जबाबदारी आली, आणि तीही अशा पेशंटची, ज्याला कुठं काय होतंय ते सांगता येत नाही.

पेशंटचं नाव मुनीम. सांगलीत त्यांच्या घराच्या खालच्या मजल्यावर हळदीची वखार होती. वखार म्हटली की उंदीर आले, आणि जैनाचं घर म्हटलं की विष नाही, सापळा नाही. तेव्हा त्यांच्या यजमानांनी, जवाहरभाऊंनी, एक करड्या रंगाचं पिल्लू आणून सोडलं. पुढं ते जे काही करील ते त्याच्या कर्माचं, आपल्याला त्याचं पाप नाही, अशी सोयीस्कर वाटणी भाऊंनी मनाशी करून टाकली. पिल्लाचा बोका झाला. तो गादीवर बसून गिऱ्हाइकाकडं डोळे बारीक करून बघायचा, म्हणून मुनीम.

बाईंना त्याचा अभिमान वेगळ्याच कारणासाठी होता. घरात दिवस मावळल्यावर कुणी खात नसे, आणि मुनीमही दिवे लागल्यावर कधी ताटलीशी घुटमळत नसे. संध्याकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, आरतीनंतर बायका टेकल्या की त्या हमखास सांगायच्या, "आमचा मुनीम पक्का श्रावक हाय बघा. रातचं कवा म्हणून खायाला मागत न्हाई." बायका माना डोलवायच्या. बोक्याची उलटतपासणी कोण घेणार?

यंदा मात्र मुनीम म्हातारा दिसायला लागला. पोत्यांच्या थप्पीवर चढणारा गडी आता पायरीपाशी येऊन विचार करत उभा राहायचा. मागचे पाय ताठ पडायचे. मागल्या परड्यातल्या भिंतीकडं तो तासन् तास बघत बसे आणि मग खाली मान घालून परत येई. बाईंना ते बघवेना. रिक्षात घालून त्यांनी त्याला विश्रामबागेतल्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर राजेश्वरी वयानं लहान, पण बोलणं ठाशीव. त्यांनी सांधे दाबून पाहिले, रक्त तपासलं, वजन केलं आणि सूज-दुखीचं पातळ औषध दिलं. "ही बाटली मांजराची आहे. हिच्यासोबतची पिचकारीही मांजराचीच. पिचकारीवर त्याच्या वजनाची रेघ आहे, तिच्यापुढं एक थेंब जाता कामा नये. दिवसातून एकदा, आणि पोटभर खाल्ल्यावरच. खाल्लं नाही, तर त्या दिवशी औषध नाही. पाणी भरपूर पिऊ द्या. उलटी झाली, मलूल पडला, तर औषध बंद करून मला फोन. आणि माणसांच्या गुडघेदुखीच्या गोळ्या चुकूनही देऊ नका, मांजराचा जीव जातो त्यानं."

"संध्याकाळी खातो ना व्यवस्थित?" त्यांनी विचारलं.

"आमच्यासंगट खातो की. दिवस मावळायच्या आत," बाई ताठ मानेनं म्हणाल्या.

पहिले काही दिवस औषधानं खरोखर कमाल केली. मुनीम पायरी चढला, गादीवर जाऊन बसला. बाईंनी बस्तीत पेढे वाटायचेच तेवढे बाकी ठेवले. नेम ठरून गेला. दिवस मावळायच्या आधी त्या ताटलीत दूध-चपाती कुस्करून ठेवायच्या आणि आरतीला पळायच्या. आल्यावर ताटली धुऊन पालथी घातलेली दिसायची. खाल्लं, असं म्हणून त्या पिचकारी भरायच्या.

मग मुनीम मलूल पडला. कोपऱ्यात अंग आक्रसून बसायला लागला. दुपारच्या दुधालाही तोंड लावेना. बाईंच्या जिवाची नुसती घालमेल सुरू झाली. वरखाली करून त्यांनी जिना झिजवला. 'दुखतंय म्हणून खात नाही,' असं त्यांच्या मनानं घेतलं, आणि एकदा मनानं घेतलं की त्यांना थांबणं माहीत नव्हतं. फोन करायचं त्यांना सुचलंच नाही. त्या संध्याकाळी पिचकारी रेघेच्या जराशी पुढं गेली. गेली कसली, त्यांनी नेली. त्याला लवकर बरं वाटावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. ह्या मायेला काय म्हणावं तेच कळत नाही.

सकाळी मुनीमनं उलटी केली, काळपट, चहाच्या चोथ्यासारखी. मग तो आडवाच झाला.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला सलाईन लावलं आणि वळून विचारलं, "औषधाआधी तो खात होता का?"

"ताटली रिकामी असायची की वं."

"ताटली नाही विचारत मी. तो खाताना तुम्ही बघितलंय?"

बाईंनी ते कधी बघितलं नव्हतं. त्या तर आरतीत असायच्या.

"हे औषध उपाशी पोटात गेलं की आतून जखमा करतं. अंगात पाणी कमी असेल तर मूत्रपिंडावर जातं. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत मी काही सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत. रेघेपुढं गेलेल्या पिचकारीचं बाईंनी रडत रडत सांगून टाकलं, तेव्हाही त्यांनी फक्त ते लिहून घेतलं.

घरी आल्या आल्या बाईंनी भाऊंना गाठलं. "आवं, मुनीमची ताटली कोण धुत हुतं?"

"मीच की," भाऊ म्हणाले. "दिवे लागायच्या आत आवरून ठेवतो. उघड्या अन्नात किडामुंगी पडून मरती. इतकी वर्षं तेच करतोय."

"आन् त्यातलं अन्न?"

"उरल्यालं गाईला घालतो."

"उरल्यालं किती असायचं?"

भाऊ आता आठवून म्हणाले, "सगळंच असायचं. मला वाटलं, तू त्याला आधी चारलं असशील, ही वरची वाढणी हाय."

बाई मटकन खाली बसल्या आणि लगेच उठल्या. मग इतकी वर्षं हा बोका जगला कशावर? गुबगुबीत होता की चांगला! त्यांनी तशाच परड्यात जाऊन भिंतीवरून शेजारच्या राहीबाईंना हाक मारली. राहीबाई फौजी सुभेदाराची बायको, माहेर पाटणकडचं, कोयनेच्या मासळीवर वाढलेली. दोन्ही घरांत भिंतीवरून बोलणं चालायचं, पण त्या घरच्या स्वयंपाकाच्या वासापायी बाईंनी तिकडं कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"राहीबाई, आमचा मुनीम तुमच्याकडं यायचा का वं?"

राहीबाई आधी हसल्या, मग ओशाळल्या. "वैनी, राग मानू नगा. रोज दिवेलागणीला आमच्याकडंच जेवायचा की त्यो. भिंतीवरनं उडी मारून यायचा. तुमचं सोवळं घर, म्हनून आमी कवा बोललो न्हाई. आता लय दिस झालं, आलाच न्हाई. आमाला वाटलं, तुमी बांधून घातलाय."

बांधून कुणी घातलं नव्हतं. पाय गेले, भिंत चढवेना, आणि रात्रीचं जेवण सुटलं. जो बोका उपाशी झोपत होता, त्याच्या उपवासाचं कौतुक बाई बस्तीत सांगत होत्या, आणि घरी येऊन त्याच रिकाम्या पोटात औषध ओतत होत्या. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. व्रत त्यांनी घेतलं होतं. मुनीमला कुणी विचारलं होतं?

रिपोर्ट अगदी आशा सोडावी असा नव्हता. मूत्रपिंडाला धक्का बसला होता, पण सावरण्यासारखा. औषध बंद, पोटाचं वेगळं औषध, आणि डॉक्टरांची एकच अट होती: त्यानं खायलाच हवं. पण घरी आणलेला मुनीम दुधाकडं बघेना. बाईंनी तूप घातलं, साय घातली, हातावर घेऊन पुढं धरलं. तो मान फिरवायचा. त्या उठायच्या, फेरी मारायच्या, परत बसायच्या. दिवस कलायला लागला.

शेवटी त्यांनी मुनीमला टॉवेलात गुंडाळलं.

"कुठं निघालीस? आरतीची वेळ झाली," भाऊ म्हणाले.

"आरती हुईल माझ्याबिगर," म्हणून त्या वळसा घालून राहीबाईंच्या दारात गेल्या. "मीठ-मसाला न्हाई घालायचा, हाडं काढायची, डाक्टरांनी सांगितलंय," एवढं त्यांनी एका दमात सांगितलं. नदीच्या मासळीचा तुकडा उकडून, निववून, कुस्करून राहीबाईंनी पुढं ठेवला. मुनीमचं नाक हललं. त्यानं एक घास चाटला. मग दुसरा. बाईंनी पदर तोंडाला लावला. वासानं लावला की रडू आवरायला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पुढं रोज संध्याकाळी हेच चाललं. मुनीम खायला लागला, पण औषध बंद असल्यामुळं पाय पुन्हा ताठले. बसताना तो कळवळायचा आणि ते ऐकून बाईंना घरात थारा मिळत नसे. पुढचा रिपोर्ट चांगला आला तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "आता आधीपेक्षा कमी मात्रेत पुन्हा सुरू करून बघू. रक्त तपासत राहू. भीती वाटते का?"

"लय वाटती," बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी राहीबाईंच्या स्वयंपाकघरात दिवा लागला होता. चुलीपाशी मुनीमची वाटी, समोर जमिनीवर मांडी घालून त्रिशलाबाई, आणि त्यांच्या हातात रेघेपर्यंत भरलेली पिचकारी. बाहेर बस्तीतली घंटा वाजत होती. कढईतल्या मासळीच्या वासानं बाईंना मळमळत होतं.

"वैनी, तुमी जावा घरी," राहीबाई म्हणाल्या. "त्याचं खाऊन झालं की औषध मी पाजते. तुमचा जीव कशाला घुसमटवताय?"

"न्हाई," बाई म्हणाल्या. त्यांची नजर वाटीवरून हलली नाही. "खाताना बघायचं हाय मला."

आणि मुनीमनं वाटी चाटूनपुसून साफ करेपर्यंत त्या जागच्या उठल्या नाहीत.