रांगेत सून, टेबलावर तात्या

सर्जेराव तात्या सुनेला घेऊन सोनोग्राफीला यायचे, त्यात त्यांचा फायदा एकच होता. रांगेत बसायची सून आणि टेबलावर झोपायचे ते. भवानीनगरच्या ऊसवाल्या माणसानं गरोदर बायकांच्या बाकावर स्वतःसाठी बसायचं, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

मित्रांनो, मी त्या खोलीतला जुना प्रोब, सोनोग्राफीच्या यंत्राचा डोळा आहे, बोटासारखा लांबट. खोक्यातून बारामतीत उतरलो तेव्हा वाटलं होतं, आपणही बाळं दाखवणार. ते कौतुक पोटावरून फिरणाऱ्या भावंडांना मिळालं. माझी वाट गुदद्वाराची. माझं नाव घरी जाऊन कुणी काढत नाही.

पहिल्या खेपेला तात्या भिंतीकडे तोंड करून डॉक्टरबाईंना म्हणाले, "मूळव्याधच आसंल, बाई. लवकर उरका."

आतड्याची निरोगी भिंत मला घडीच्या चपातीसारखी दिसते, पदर न् पदर वेगळा. तात्यांचे पदर मिटले होते. सगळं जाड आणि काळं. डॉक्टर प्रगतींनी तुकडा तपासायला पाठवला. लिम्फोमा निघाला, कॅन्सरचाच एक प्रकार. केमो सुरू झाली. पुढच्या खेपेला काळं ओसरलेलं दिसलं, एक पदर उघडला होता. मी हरखलो.

गावात मात्र भलताच हिशेब चालू होता. सून सोनोग्राफीला जाते म्हटल्यावर शेजारच्या फुलाबाईंनी चिंचा पाठवल्या. सुनेनं, वृषालीनं, माझ्यासमोरच तात्यांना ऐकवलं, "चिंचा खाऊन दात आंबले, तात्या. आता पोट कुठनं आणू?"

"मग यायचंच बंद करू. रगात थांबलंय. मला काय झालंय?"

आणि खरंच, पुढच्या तारखेला ते आले नाहीत. दार वाजलं की मला वाटायचं, तात्या असतील. दुसरंच कुणीतरी असायचं. त्या उघडलेल्या पदराचं काय झालं असेल, या विचारानं मला चैन पडेना.

पुन्हा रक्त दिसलं तेव्हा ते आले. फुलाबाई गरोदर लेकीला घेऊन आधीच बाकावर होत्या. खोलीचं दार उघडं होतं. त्यांनी वृषालीचा हात धरला. "ऱ्हाऊ दे, पोरी. गेलं ते गेलं. पुढच्या टायमाला जपून ऱ्हा."

वृषाली मान खाली घालून बसली. तात्या भिंतीला टेकून उभे होते.

"फुलाबाई, कायबी गेलं न्हाय. तपासणी माझी हाय. खालच्या वाटंला गाठ हाय."

मग फुलाबाईंची लेक सरकली. "बसा की तात्या, हितं."

आत मी पाहिलं, उघडलेला पदर पुन्हा मिटला होता.

"मध्ये का आला नाहीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"लाज वाटत हुती."

"आता औषध बदलावं लागेल."

मित्रांनो, मला नीट पुसा, माझ्या वायरला पीळ देऊ नका आणि बोलावलेल्या दिवशी या. मी फक्त बघू शकतो, तेही कुणी आलं तरच.

तात्यांच्या अब्रूपायी फुलाबाईंच्या चिंचा गेल्या, तात्यांचा उघडलेला पदर गेला. वृषालीला मात्र कधी नसलेल्या बाळाचं सांत्वन ऐकून घ्यावं लागलं, आणि ते कुणाला परत करता येत नाही.