वर आलेली बहीण

राजूर कॉलनीत त्या दिवसांत गुरुवारी संध्याकाळी साडेसातला रस्त्यावर कुत्रंही दिसत नसे. टीव्हीवर 'अंगारवंशी'चा शेवटचा सीझन चालू होता, आणि ती मालिका लिहिणारा अश्वजित याच कॉलनीतला होता, खदानीत काम केलेल्या धर्मपालचा धाकटा पोरगा. मालिकेत तेज आणि ईरा असे भाऊ-बहीण होते. दोघांच्या हातात आग, आणि दोघांनी मिळून तीन सीझन अख्खं शहर वाचवलेलं. आता चौथ्यात दोघांपैकी एक जाणार अशी बोलवा होती. कोण जाणार, यावर पानठेल्यावर भांडणं होत.

अश्वजितची थोरली बहीण ममता तिसरा भाग आईसोबत पाहत होती. ती वणी रोडच्या धरमकाट्यावर कामाला होती. कोळशाचे ट्रक वजनाला येत, त्यांच्या पावत्या फाडायची. छत्तिशीची बाई. लग्न झालं होतं, तीन वर्षांत मोडलंही होतं, आणि तेव्हापासून ती आईजवळच राहत होती. मांडीवर जेवणाचं ताट होतं. पडद्यावर जळत्या डोंगराच्या पोटात तेज आणि ईरा अडकले होते, दोघांची ताकद संपलेली. वर एक भोक होतं, त्यातून थोडा उजेड येत होता. ईरानं भावाला खांद्यावर उभं केलं आणि म्हणाली, "पीछे मत देखना. तू देखेगा तो मैं रो पडूंगी."

ममताचा घास हातातच राहिला.

ते वाक्य तिचं होतं. चोवीस वर्षांपूर्वी ती ते बोलली होती, आपल्या बोलीत, आणि ऐकणारा जगात एकच माणूस होता.

तेव्हा ती बारा वर्षांची होती, अश्वजित नऊचा. कॉलनीच्या मागं जुनी बंद खदान आहे. कोळसा काढून आतून पोकळ झालेली जमीन, आणि राहिलेल्या कोळशाला आतल्या आत लागलेली आग. भेगांमधून पांढरा धूर निघतो, आजही निघतो. तिकडं जायची पोरांना बंदी होती, पण चांगल्या बोरी तिकडंच होत्या. जानेवारीतली दुपार होती. अश्वजित पुढं धावला आणि त्याच्या पायाखालची जमीन बसली. ममतानं त्याचा हात धरला, तो सोडला नाही, म्हणून तीही खाली गेली.

खाली अंधार होता, आणि हवा अशी गरम की छातीत जाईना. वर ताटाएवढं आभाळ. तिनं त्याला खांद्यावर घेतलं, मग डोक्यावर पाय द्यायला लावला. "मांगं पाहू नोको. पाह्यशीन तर मी रडीन," ती म्हणाली. तो वर पोचला. त्याच्या पळत्या पावलांची माती तिच्या तोंडावर पडली. मग ती बाबांची वाट पाहत बसली.

कोणी आलं नाही. त्यापुढचं तिला आठवतं ते एवढंच, की ती घरासमोरच्या हातपंपाजवळ उभी होती, दिवे लागले होते, आणि अश्वजित दारातून तिच्याकडं पाहत होता. मधले तीन-चार तास तिला पुन्हा कधी सापडले नाहीत. तू कोणाला बोलवून का आणलं नाही, हे तिनं भावाला विचारलं नाही. लहान आहे, भ्याला असेल, एवढंच तिच्या मनात आलं. दोघांनी घरी चकार शब्द काढला नाही.

त्या दिवसानंतर अश्वजित तिच्याजवळ झोपला नाही. तिनं वाढलेलं ताट तो सरकवून ठेवी आणि आईला दुसरं मागे. सतराव्या वर्षी तो मुंबईला गेला. बाबा वारले तेव्हा एक दिवस आला. दर रविवारी आईला फोन करायचा, "ताई बरी हाय ना?" असं विचारायचा, आणि आई फोन ममताकडं द्यायला लागली की नेमका फोन बंद पडायचा. शरमतो बिचारा, असं ममता इतकी वर्षं धरून चालली होती.

चौथ्या भागात ईरा परत आली. जळत्या डोंगरातून चालत घरी आली आणि तिच्या पांढऱ्या कपड्यांवर राखेचा एक कण नव्हता. सहाव्या भागात तिनं दिलेलं पाणी तेजनं ती वळल्यावर मोरीत ओतलं. आठव्या भागात तो आपल्या गुरूला म्हणाला, "जो ऊपर आयी है, वो मेरी बहन नहीं है. मेरी बहन अभी भी नीचे है."

"काय म्हणला तो?" आईनं विचारलं. तिला ऐकू कमी येई.

"काई नाही. भांडण चालू हाय त्याईचं," ममता म्हणाली आणि उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी काट्यावर देवसिंग आला. झरी जामणीकडच्या तांड्यावरचा हा ड्रायव्हर मालिकेचा एक भाग चुकवत नसे. "म्याडम, तुमच्या भावानं पेच भारी टाकला," तो खिडकीशी वाकून म्हणाला. "मले पयलेपासून शक होता. ते ईरा पलक झपकवत नाही, पाह्यलं का तुम्ही?" पावती घेताना त्याची बोटं ममताच्या बोटांना लागली, तसा त्यानं हात मागं घेतला. "बापा. एप्रिलच्या उन्हात एवढे थंडे हात?"

तिच्या नवऱ्यानंही हेच म्हटलं होतं. सोडताना आणखीही एक बोलला होता, की झोपेत ही श्वास घेते का नाही हे कळत नाही, मी रोज भिऊन उठतो. तेव्हा तिनं ते सोडायचं निमित्त समजलं होतं.

घरी आली तर आई दारात तूर निवडत बसली होती. ममता शेजारी बसली आणि सूप आपल्याकडं ओढत तिनं विचारलं, "आई, लहानपणी एकदा आम्ही दोघं बोरं आणाले गेलतो, सांजच्याला आलो. आठवते तुले?"

"आठवते ना. अशू गुडघे फोडून आला, काळा ठिक्कर. पलंगाखाली जाऊन बसला, निघेच ना. तू मंग दिवे लागल्यावर आली."

"मी कशी दिसत होती?"

आई हसली. "तू त एकदम साफ. न्हाऊन आल्यावानी. म्या म्हणलं, हे पोट्टी कोणाच्या घरी आंघोळ करून आली?" मग तिनं वर पाहिलं. "काहून विचारून राह्यली?"

"असंच."

आत जाऊन ममतानं खिडकीच्या उजेडात बाही वर केली. सात वर्षांची असताना ती बाबांच्या सायकलवरून पडली होती, आणि डाव्या कोपरावर त्याची खूण राहिली होती. डाव्याच. बाबा हळद लावत होते आणि उजव्या हातात तिनं पेपरमिंटची गोळी धरली होती, हे तिला स्वच्छ आठवत होतं. डावं कोपर कोरं होतं. खूण उजव्यावर होती. ती बराच वेळ दोन्ही कोपरं आळीपाळीनं पाहत राहिली. मग तिनं बाह्या खाली केल्या आणि कणीक मळायला घेतली, कारण आईची औषधाची वेळ होत आली होती.

शेवटचा भाग गुरुवारी होता. अश्वजित मंगळवारी दुपारी न सांगता आला. केस पिकलेले, डोळे खोल गेलेले. आईच्या पाया पडला, तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिला. आईला झोप लागल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"शेवटच्या भागात तेज खाली जाते," तो म्हणाला. "तिले वर काढते आन् सोता खाली राह्यते. लिहून झालं, शूटिंग झालं. सेटवरचे लोकं रडले. मी घरी आलो आन् मले वाटलं, तेज गेला. मी कुठी गेलो?"

"आता जाशीन?"

"त्याच्यासाठीच आलो."

ममतानं गॅस बंद केला. "अशू, मी कोण हावो, तुह्या मतानं?"

तो चौकटीला टेकला. "मले नाही मालूम. तू आईले सांभाळलं, बाबाचं दुखणं काढलं. सख्ख्या बहिणीनं याच्याहून काय जास्त केलं असतं? पण मी पळून राह्यलो होतो तवा तिचा आवाज येत होता मांगून. घरी आलो, पलंगाखाली लपलो. कोणाले सांगतलं नाही. मले वाटलं, सांगतलं तर बाबा मारतीन. बस, एवढ्यासाठी. आन् मंग तू आली. अंगावर डाग नाही. काही बोलली नाही, रागावली नाही." त्यानं पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं. "ताई रागावली असती. ताईनं मले हाणलं असतं."

ममताला खरंच कधी राग आला नव्हता. ते आपलं मोठेपण आहे असं ती समजत आली होती.

सकाळी सातला दोघं निघाले. त्याच्या पिशवीत दोर आणि बॅटरी होती. जुन्या खदानीला आता काटेरी तार होती, धोक्याची पाटी होती. तारेपाशीच जमीन चपलेतून गरम लागत होती. पलीकडं बोरी वाळून उभ्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये ते भोक, आता विहिरीएवढं रुंद. धूर सरळ वर जात होता. पक्षी नव्हते.

अश्वजित तार ओलांडून भोकाच्या अलीकडं दहा पावलांवर पालथा झोपला आणि त्यानं जमिनीला कान लावला. "ये," तो म्हणाला. "मले मुंबईतही ऐकू येते. तुले येते का, तेवढं सांग. येत असंन त मी उतरतो."

ममता त्याच्यासमोर झोपली. दोघांची तोंडं एकमेकांकडं होती, हातभर अंतरावर. गालाला जमीन तापल्या तव्यासारखी लागली. आधी नुसती घरघर होती. मग ती घरघर थांबली, आणि अगदी जवळून, जणू मातीच्या पापुद्र्याच्या खालूनच, एका पोरीचा घसा बसलेला आवाज आला.

"वर कोण हाय?"

अश्वजितच्या पापण्या थरथरल्या. तो ममताच्या चेहऱ्याकडं पाहत होता. त्याचा एक हात दोरावर होता.

"ऐकलं?"

"काय?"

"कोणीतरी बोललं."

"भेगेतून हवा वाजते, अशू."

खालून पुन्हा आवाज आला, या वेळी हळू. "अशू पोचला का घरी?"

तो आवाज तिनं ओळखला. आपला आवाज माणसाला बाहेरून ऐकू आला की परका वाटतो. हा परका वाटला नाही. पण तो ऐकताना आपण इथं वर, उन्हात, कोण पडून आहोत, हे मात्र तिला सांगता आलं नसतं. अश्वजित गुडघ्यांवर उठला होता आणि दोराची गाठ सोडत होता. खाली आग होती. उतरला असता तर परत आला नसता, हे त्यालाही माहीत होतं.

ममता उठली आणि तिनं त्याच्या कानाखाली वाजवली. जोरात, पूर्ण हातानं.

"चोवीस वर्षं," ती म्हणाली. "मी तिथं बसून होती, जीव चालला होता माहा, आन् तू पलंगाखाली. वरून मलेच भूत बनवून टीव्हीवर दाखवते. लाज नाही वाटत?" दुसरी मारली. "मी सोताच्या हातानं चढून आली. ओढ्यावर आंग धुतलं, बाबा मारतीन म्हणून. तुले नाही सांगतलं, कारण मले तुह्यासोबत बोलाचंच नव्हतं. समजलं?"

यातलं एक अक्षर खरं आहे का खोटं, हे तिला ठाऊक नव्हतं. राग तर आताही आला नव्हता. पण तिनं तो ओढून आणला.

अश्वजित गालावर हात ठेवून पाहत राहिला. मग मातीतच बसून रडू लागला, ओठ वाकडे करून, नऊ वर्षांचा असताना रडायचा तसा. "ताई," तो म्हणाला, आणि बराच वेळ तेवढंच म्हणत राहिला. तिनं त्याला उठवलं, दोर गुंडाळून पिशवीत टाकला. जमिनीखालून आवाज येत होता. ती मोठ्यानं बोलत, दटावत त्याला तारेबाहेर घेऊन गेली.

घरी त्यानं तिच्या हातच्या चार भाकरी खाल्ल्या. झुणका पुन्हा मागून घेतला. मग जो झोपला तो दिवस मावळला तरी उठला नाही. आई दोनदा कपाळाला हात लावून गेली. गुरुवारी तिघांनी एकाच पलंगावर बसून शेवटचा भाग पाहिला. तेज खाली राहिला, ईरा वर आली, कॉलनीभर बाया डोळे पुसत होत्या. अश्वजित म्हणाला, "शेवट थोडा जास्तच झाला," आणि ममताच्या ताटातली पापडी उचलून खाल्ली. शुक्रवारी तो गेला. पोचल्यावर त्यानं फोन केला, तो आईला नाही, ममताला. मले ऐकू येणं बंद झालं, असं म्हणाला.

शनिवारी काट्यावर जायच्या आधी ममता एकटीच तारेपलीकडं गेली. त्याच जागी झोपली, कान लावला. लांब रस्त्यावरून ट्रक जात होते.

"वर कोण हाय?"

"अशू पोचला," ममता म्हणाली. "जेवला, झोपला. बरा हाय."

खाली कोणीतरी लांब श्वास सोडल्यासारखं झालं, आणि भेगेतला धूर क्षणभर आडवा पसरला.

"बाबा आले का?"

ममतानं डोळे मिटले. ड्युटीला अजून वीस मिनिटं होती. तिनं पदर गालाखाली घेतला, नीट आडवी झाली, आणि खालच्या पोरीला बाबांचं सांगायला सुरुवात केली. कधी वारले, कशानं वारले, आणि जाताना दोन्ही पोरांची नावं कशी घेत होते.