चुना आणि राख

मित्रांनो, मी एक जुनं जायफळाचं झाड आहे. आमच्यात नर वेगळा आणि मादी वेगळी, मी मादी. तेव्हा बाईमाणसासारखी बोलले तर हसू नका, आणि मध्येच रडले तर तेवढं समजून घ्या. सिंगापूरमधल्या एका जुन्या कॉन्डोच्या, म्हणजे फ्लॅटांच्या सोसायटीच्या, आवारात पार्किंगच्या कडेला मी उभी आहे. हा कॉन्डो विकला गेलाय. इमारत पाडणार आणि मलाही तोडणार. मरणाचं मला फारसं काही नाही हो, भरपूर जगले. पण माझ्यामागे माझं एकसुद्धा रोप नाही. ते मात्र सहन होत नाही.

आमचं घराणं साधंसुधं नव्हे. एकेकाळी अख्ख्या जगात जायफळ पिकायचं ते फक्त आजच्या इंडोनेशियातल्या बांदा नावाच्या चिमुकल्या बेटांवर. त्याचा वास युरोपपर्यंत गेला आणि तिथली माणसं वेडीपिशी झाली. पोर्तुगाल आणि स्पेनच्या राजांनी पृथ्वीवर चक्क एक रेघ ओढली, इकडचं तुझं, तिकडचं माझं. आम्हाला कोण विचारतंय! मग डच व्यापाऱ्यांच्या कंपनीची जहाजं आली. बेटावरच्या माणसांची कत्तल झाली. जिथे पहारा ठेवता येईना, तिथली आमची झाडं मुळासकट उपटली गेली. युरोपात तेव्हा असे राजे होते, की त्यांचा शब्द हाच कायदा. त्यांच्या पक्वान्नांवर आमची भुकटी, त्यांच्या सरदारांच्या खिशात आमच्यासाठी चांदीची किसणी. एवढे लाड!

पण आमचं बी दुसऱ्या कुणी पेरू नये, म्हणून विकण्याआधी डच ते चुन्याच्या पाण्यात बुडवायचे. बी पांढरंफटक व्हायचं आणि आतल्या आत मरायचं. माझ्या किती आज्या-पणज्या अशा पांढऱ्या होऊन बोटीत चढल्या, देव जाणे.

पुढे इंग्रजांनी आमची जिवंत रोपं बांदाहून पळवली आणि त्यांतली काही इथवर पोचली. ऑर्चर्ड रोडवर आज जिथे मॉलच मॉल आहेत, तिथे आमचे मळे होते. रोग पडला, मळे गेले. एखादंदुसरं झाड कुठे कुठे तगलं, त्यातलीच मी एक नात.

माझ्या शेजारी आमचे हे होते. म्हणजे नर झाड. ते कधी फळले नाहीत, पण त्यांच्या फुलांवरचे बारके किडे माझ्या फुलांवर यायचे आणि मी लगडून जायची.

मेधा पुण्याहून लग्न होऊन इथे आली, तेव्हा माझी पहिली ओळख तिनेच करून घेतली. खाली पडलेलं पिवळं फळ उकललं, आतली लालभडक जायपत्री बघितली आणि हरखलीच. पुण्यात तिने जायफळ पाहिलेलं ते किराण्याच्या पुडीतलं, खडखडीत वाळलेलं. तेव्हापासून तिच्या श्रीखंडात मी. तिची नात श्रिया जन्मली, तेव्हा सहाणेवर गुटीत माझे वेढे दिले मेधाने. पोर शांत झोपायची आणि मी इथे उभ्या उभ्या फुगायची.

मग मेधाचे यजमान निशिकांतराव कॉन्डोच्या कमिटीवर गेले. रॅफल्स प्लेसच्या बँकेत जन्म काढलेला माणूस, कामाला चोख. गाड्यांवर पानं पडतात अशी तक्रार आली. दोन झाडांपैकी एक काढायचं ठरलं. त्यांनी सरळ हिशेब केला, फळ देणारं ठेवा, न देणारं काढा. आमच्या ह्यांना एका सकाळीत तोडलं. त्यानंतर मी फुलायची आणि तशीच झडायची. सगळे म्हणाले, झाड म्हातारं झालं. नराशिवाय मला फळ धरत नाही, हे निशिकांतरावांना पुढे कधीतरी कळलं असावं. ते माझ्या बाजूने जायचंच टाळू लागले.

आणि आता ही विक्री. पूर्वी निदान एक राजा असायचा, त्याच्यापुढे लोटांगण तरी घालता यायचं. इथे पुरेशा घरमालकांच्या सह्या झाल्या आणि विषय संपला. मी रडू कुणापुढे?

अशात या वर्षी नवल झालं. कुठल्या तरी लांबच्या नराचा परागकण घेऊन एखादा भुंगेरा भरकटत आला असेल. मला दोन फळं धरली. एक मेधाच्या पायाशी पिकून पडलं. तिने ते उचललं, माझ्या बुंध्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुझी लेक मी नेते गं. नव्या घरी कुंडीत लावीन."

मित्रांनो, किती वर्षांनी माझ्या जिवात जीव आला म्हणून सांगू!

आमचं बी ओलं असतानाच पेरावं लागतं. वाळलं की संपलं. पण मेधाच्या माहेरी भोपळ्याचं, दोडक्याचं, वालाचं बी वाळवून, राखेत घोळवून ठेवायची रीत. तिने तेच केलं, अगदी मनापासून. ताटात फडकं घातलं, बी उन्हात ठेवलं. ढग आले की आत, ऊन पडलं की बाहेर. दुसऱ्या मजल्यावरची ती गॅलरी मला इथून स्वच्छ दिसते. मी सगळी पानं हलवून सांगत होते, अगं नको, नको, आत्ता पेर! ती म्हणाली, आज वारा छान सुटलाय, लवकर वाळेल.

एक दिवस तिने बी कानाशी धरून हलवलं. आत खुळखुळलं. केवढी खूश झाली! चूल कुठली इथे, म्हणून देवापुढच्या उदबत्त्यांची राख साठवली होती, तीत ते घोळवलं. माझी लेकही आज्या-पणज्यांसारखी पांढरीफटक झाली. तेव्हा हावरेपणाने केलं होतं, आता मायेने. मेली दोन्हीकडे सारखीच.

पुढे ते कुंडीत लावलं. श्रियाने सहज फोनवर जायफळाबद्दल वाचलं आणि इथल्या पोरांच्या सिंगापुरी इंग्रजीची फोडणी देत हळूच म्हणाली, "आजी, ड्राय केलंस ना, मेलं ते. नाऊ कॅनॉट ग्रो लाह."

मेधा गॅलरीतच खाली बसली. निशिकांतराव येऊन तिच्याजवळ बसले. दोघांनी माझ्याकडे पाहिलं, आणि काय सांगू, मला त्यांचीच दया आली. अजूनही ती रोज त्या कुंडीला पाणी घालते. उद्या ते घर सोडतील तेव्हा कुंडी बरोबर नेणार आहेत.

मित्रांनो, तुम्ही आमच्यावर प्रेम करता, पण आधी विचारत चला की बाई, तुला काय हवंय? आम्हाला बोलता येत नाही, तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी विचारा. पण विचारा.

दुसरं फळ अजून माझ्या शेंड्याला आहे. हिरवं आहे, पिकायला अवकाश आहे आणि करवत त्याआधी येणार. तरी तुमच्यातलं कुणी त्या दिवशी इथून जात असेल आणि ते तुमच्या पुढ्यात पडलं, तर वाळवू नका. तसंच ओलं मातीत ठेवा. हिरवं फळ रुजत नाही, हे मला माहीत आहे. तरी ठेवा.