डाव्या पिळाचं सूत

अंबूबाईचा उजवा हात मिरजेच्या दवाखान्यातून प्लास्टरमध्ये बांधून आला, आणि त्या दिवसापासून घरात कुणाला सुखानं भाकरी खाता आली नाही. हात गळ्यात अडकवलेला, पण पाय मोकळे होते. म्हातारी उठायची ती मेंढरांकडं, तिथून दारात, दारातून चुलीपाशी, आणि पुन्हा मेंढरांकडं. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले होते. जत्रेला सात आठवडे उरले होते आणि लोकर अजून चवथाई कातायची होती.

वाडीची बिरोबाची पालखी चैत्रात नव्या घोंगडीवर बसते. अकरा घरं आहेत, दर वर्षी एका घराची पाळी. त्या घरच्या बाईनं आपल्याच मेंढरांची काळी लोकर आपल्या हातानं कातायची. जत्रेदिवशी पुजारी विचारतो, "सूत कुणाच्या हातचं?" बाई हात पुढं करते, तो तळहातावर भंडारा ठेवतो. मान एवढाच. पण अंबूबाई अडुसष्टची होती, आणि अकरा वर्षांनी आपण कुठं असू हे तिला कुणी सांगायला नको होतं.

त्यात मागची पाळी तिच्या मनात सलत होती. तेव्हा घोंगडी देवापुढं अंथरली आणि तिचे चारी कोपरे वर वळले. माणसांनी कोपऱ्यांवर दगड ठेवले, मग पालखी बसली. अंबूबाईनं भर देवळात विणकर भाऊसोचा उद्धार केला, आणि पुढं अकरा वर्षं, कुणी विचारो न विचारो, करत राहिली.

शेजारची सुलाबाई म्हणाली, "आवं, मी कातून देती की उरलेलं."

"बारी आमच्या घराची हाय," अंबूबाई म्हणाली. सुलाबाई चहा पिऊन निघून गेली.

मग सून सोनिया चुलीपुढनं हळूच म्हणाली, "आत्ती, मी कातू का?"

"देवाचं सूत डाव्या हातानं? येडी का काय तू."

सोनिया खंडाळ्याची. बाप तिकडं कंपनीत वॉचमन, मेंढरं कधीच विकलेली. अमृतची बायको होऊन ती आली तेव्हा डावरी निघाली, हे नऊ वर्षं झाली तरी अंबूबाईच्या घशाखाली उतरलं नव्हतं. डाव्या हातानं भाकरी थापली, चाललं. मेंढरू धरलं, चाललं. पण लोकर कातायच्या चातीला तिनं हात लावलेला म्हातारीला खपत नसे. सोनियानं समोर बसून लोकर पिंजायची, काडीकचरा वेचायचा, एवढंच तिचं काम.

पंधरा दिवस असे गेले. दुखण्याच्या गोळीनं अंबूबाईला दुपारी गुंगी यायची, आणि जाग आली की तळमळ दुप्पट व्हायची. बोटं प्लास्टरच्या टोकाशी आपोआप पीळ द्यायला लागायची. एकदा ती न कातलेल्या लोकरीचं पोतं बघायला आतल्या खोलीत गेली, तर पोतं जागेवर नव्हतं.

तेवढ्यात अमृतच्या फोनवर भाऊसोचा आवाज आला. "आक्का, ताणा लावला. सूत पुरतंय. काळजी करू नगा."

म्हातारीच्या तोंडचं पाणी पळालं. पुरतंय कसं?

"तूच कातलंयस की," अमृत म्हणाला. "मी गाडीवर नेऊन दिलं." बोलताना तो तिच्याकडं बघत नव्हता, बाहेरच्या बाभळीकडं बघत होता. आईशी खोटं बोलायची त्याची हीच तऱ्हा लहानपणापासून होती.

अंबूबाईच्या मनात पाल चुकचुकली. सांगलीहून गिरणीचं सूत आणलं असणार. ते आपल्या नावावर देवाखाली जाणार, आणि पुजाऱ्यापुढं आपण हात पसरणार. या विचारानं तिला जेवण जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न सांगता तिनं एसटी धरली. भाऊसोचं गाव माणदेशातच, पण पलीकडं सातारा जिल्ह्यात. प्रत्येक खड्ड्याला हातातून कळ येत होती आणि प्रत्येक कळेला ती अमृतला एक शिवी घालत होती.

भाऊसो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. हातभर घोंगडी विणून झाली होती. चिंचोक्याच्या खळीचा वास घरभर होता. अंबूबाई मागापाशी गेली. वाकून तिनं डावा तळहात घोंगडीवरून फिरवला. मधोमध फिरवला तेव्हा चेहरा निवळला. काठाशी आली आणि हात थांबला.

"ह्ये माझं न्हवं."

"न्हवं," भाऊसो म्हणाला.

"गिरणीचं हाय?"

"गिरणीचं असतं तर मागावर चढवलं नसतं." त्यानं शेजारी ठेवलेल्या, तिच्या आणि या दुसऱ्या सुताच्या गुंड्यांतून वीतवीतभर सूत तोडलं आणि बोटांत धरून पीळ सोडला. एक धागा एका अंगानं उलगडला, दुसरा उलट्या अंगानं. "हातचंच हाय. पर डावऱ्या हाताचं. आन बघा, घट्टपणा तुमचाच, जाडी तुमचीच. निस्तं उलटं. तुमच्या म्होरं बसून कुणीतरी शिकलंय."

अंबूबाई मागाच्या कडेला खाली बसली. नऊ वर्षं समोर बसून लोकर पिंजणारी सोनिया तिला दिसली. तिचे डोळे तेव्हा लोकरीवर कधीच नसायचे. कामात लक्ष नाही म्हणून आपण किती वेळा बोललो होतो.

"काठालाच का घातलंस?"

भाऊसोनं हातातला धोटा बाजूला ठेवला. "आक्का, मागल्या बारीला कोपरं वळली. चूक मागाची नव्हती. तुमच्या हाताला पीळ लय. सगळं सूत एकाच अंगाला वढतंय, मग कापड वळणारच. आवंदा काठाला उलटा पीळ घातलाय. एक हिकडं वढंल, एक तिकडं. कोपरं जाग्यावर ऱ्हातील."

"मग तवाच का न्हाई बोललास?"

"तुमच्याम्होरं कोण बोलतंय."

अंबूबाईनं काठावरून पुन्हा एकदा हात फिरवला.

"नको असलं तर आत्ता उसवतो," भाऊसो म्हणाला. "पर जत्रंपतूर तुमच्या हातचं सूत व्हायचं न्हाई. बारी फुडच्या घराला जाईल."

ती काठाकडं बघत राहिली. मग उठली. "विण तू," म्हणाली, आणि एसटीकडं चालायला लागली.

घरी सोनिया भाकरी थापत होती. अंबूबाईनं तिच्या डाव्या हाताकडं पाहिलं. पहिल्या बोटावर सुताचा बारीक वळ पडला होता, अगदी तिच्या स्वतःच्या उजव्या बोटावर होता तसा. तिला राग आला होता. आपल्या झोपेत हे चाललं याचा राग, मुलगा सामील होता याचा राग, आणि सगळ्यात जास्त राग याचा की सूत चांगलं होतं. ती काहीच बोलली नाही. सोनियाला सासूच्या शिव्यांची सवय होती, गप्प बसण्याची नव्हती. तिच्या हातून दोन भाकरी करपल्या.

पुढचे दिवस म्हातारीला एकच घोर होता. आपण हात पुढं केला तर कुणाला कळणार आहे? भाऊसो बोलणार नाही, तो अकरा वर्षं बोलला नव्हता. सोनिया तर नाहीच. आणि ही आपली शेवटची पाळी. भंडारा आपल्या हातावर यायला काय हरकत आहे, असं ती सकाळी ठरवायची आणि संध्याकाळपर्यंत ते मोडायचं. प्लास्टर निघालं तरी तिचं फिरणं थांबलं नाही.

जत्रेदिवशी घोंगडी अंथरली गेली. सवयीनं कुणीतरी चार दगड आणून ठेवले होते. चारी कोपरे भुईला चिकटून बसले आणि दगड बाजूलाच राहिले. अंबूबाईनं गर्दीत भाऊसोला शोधलं. तो मुद्दाम दुसरीकडं बघत होता.

"सूत कुणाच्या हातचं?" पुजारी लालासाहेबांनी विचारलं.

अंबूबाईनं वाळून काटकी झालेला उजवा हात पुढं केला. मग मागं वळली. "सोनिया, हिकडं ये."

बायांमधून सोनिया पुढं आली. तिचं तोंड उतरलं होतं. आता चारचौघांत काय ऐकावं लागतंय, या भीतीनं तिनं मुकाट्यानं उजवा हात पुढं केला.

"त्यो न्हवं," अंबूबाई म्हणाली. "ज्यानं कातलं, त्यो."

बाया कुजबुजल्या. लालासाहेबांचा भंडाऱ्याचा हात हवेतच थांबला. "आक्का, डाव्या हातावर?"

"मधलं माझं हाय, काठ तिचा हाय. तिच्यावाचून कोपरं परत वळली असती, आन मी भाऊसोला आणखी अकरा वर्सं शिव्या दिल्या असत्या."

कुणीतरी हसलं. लालासाहेबांनी एकदा पालखीकडं पाहिलं, एकदा त्या बाजूला पडलेल्या दगडांकडं. मग दोन्ही तळहातांवर भंडारा ठेवला.

सोनियाचे डोळे भरले. पिवळा हात तिला खाली घेववेना, म्हणून उजव्या हातानं ती पदर शोधत राहिली.

"उद्यापास्नं चाती घिऊन माझ्याम्होरं बस," अंबूबाई म्हणाली. "पीळ जरा सैल द्यायला शीक. त्यो माझा दोष तुला लागलाय."