एलिएसेरची परतीची खेप

कुणाचा विश्वास बसायचा नाही, आणि नाही बसला तरी पेला गार होऊ देऊ नका. पण बोसा वस्तीतल्या एलिएसेर किम्बायोने एका सकाळी शिलाईमशीनवर बसून अख्खं बोगोता पालथं घातलं होतं.

“डॉन अबसालोन, उजाडायच्या आत सुरू झालात?” मिरेया म्हणाली. सायकल कमरेला टेकवून, हेल्मेट न काढता ती गुळाचं गरम पाणी फुंकत होती. ती इस्पितळात आया आहे, सकाळच्या पाळीला. “मी विचारलं काय, की डॉन एलिएसेर हल्ली दिसत नाहीत, आणि तुम्ही सांगताय काय!”

तेच तर सांगतोय.

या कालव्याच्या पुलाखालून अंधारात एकट्याने सायकल घालायची नाही, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. पुलाच्या अलीकडे, माझ्या कॉफीच्या गाडीपाशी थांबायचं, माणसं जमू द्यायची, घोळका झाला की एकदम सुटायचं. गवंडी, पहारेकरी, धुण्याभांड्याला जाणाऱ्या बाया. कुणाला कुणाचं नाव माहीत नसतं, तरी थांबतात. आणि ‘निघा!’ म्हणायचं काम कित्येक वर्षं एलिएसेरचं. त्याला कुणी नेमलं नव्हतं. मागे कुणी राहिलंय का ते तो मान वळवून बघायचा, आणि मग हाळी द्यायचा. पुढे ऑफिसात जाऊन दिवसभर बोलणी खायची. कंपनी पाणी तापवायच्या बंबांची. बंब बिघडला की फोन एलिएसेरला. तिथे ‘हो साहेब, चुकलं साहेब’. इथे मात्र धिप्पाड गवंडीसुद्धा त्याच्या तोंडाकडे बघत उभे.

मग कंपनीने ऑफिसचा मजला रिकामा केला आणि सगळ्यांना सांगितलं, घरी बसून फोन घ्या. शेजाऱ्यांना हेवा वाटला. घरात टेबल एकच, त्याच्या बायकोचं, नूबियाचं शिलाईमशीन. तो कानाला फोन लावून तिथे बसला, आणि पाय ते पाय! इतक्या वर्षांची सवय. ते आपोआप पॅडल मारायला लागले. चढ आला की हळू, उतार आला की सुसाट. जेवणाच्या सुट्टीपर्यंत शाळेच्या एका चड्डीला तीन पाय शिवून झाले होते, आणि मशीनचा खडखडाट ऐकून फोनवरची बाई किंचाळत होती, “अहो, तुमच्याकडचाच बंब फुटायला आलाय!”

“तीन पाय!” मिरेया फिसकन हसली. “बरं, पुढं?”

पुढे हसण्यासारखं फारसं नाही. त्याचं जेवणातलं लक्ष उडालं. तो न वापरलेल्या सायकलची हवा रोज अंगठ्याने दाबून बघायचा. नूबियाने विचारलं, “ऑफिसची आठवण येतीय होय तुम्हाला?”

“ऑफिस गेलं खड्ड्यात,” तो म्हणाला. “पुलापाशी लोक खोळंबले असतील.”

शेवटी एका पहाटे ‘पाव आणतो’ म्हणून तो सायकल घेऊन बाहेर पडला आणि थेट इथे आला. मिरेया, तूच त्याला फैलावर घेतलंस. “होतात कुठं, डॉन एलिएसेर? तुमच्यासाठी थांबले नि नर्सबाईच्या शिव्या खाल्ल्या!” त्या शिव्या ऐकून माणसाचा चेहरा असा उजळला की मी कंदील विझवला, तेल वाचलं. रजेवर होतो, एवढंच म्हणाला तो. आणि मग, ‘निघा!’

त्या दिवसापासून रोज. तुमच्याबरोबर पलीकडे जायचं, चौकात हात करायचा, तुम्ही दिसेनासे झालात की सायकल वळवून परत. वाटेत पाव घ्यायचा आणि मशीनपाशी हजर व्हायचं.

मिरेयाचं फुंकणं थांबलं. “म्हणजे, ऑफिसला जात नव्हते ते?”

“कुठलं ऑफिस?”

“मग यायचे कशाला?”

“तूच म्हणालीस ना, थांबले होते म्हणून.”



इकडे नूबिया त्याला सोडतेय थोडीच. “बेकरी कोपऱ्यावर, आणि पाव यायला एवढा वेळ? बेकरीवाली नवीन आलीय वाटतं!” तो म्हणायचा, भट्टी पेटत नव्हती. दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याची सासू वारली. त्या महिन्यात ती बिचारी चार वेळा वारली.

पण एक गोष्ट होती. सकाळी सगळं शहर एकाच दिशेला जातं. परतीला घोळका नसतो. ज्या अंधारातून तो तुम्हाला नेऊन सोडायचा, त्यातूनच रोज एकटा परत यायचा. एका पावसाळी सकाळी पुलाखाली अकरा दरोडेखोर, हातात हे एवढाले कोयते...

“अकरा?”

“बरं, दोन.”

दोन पुरेसे होते. सायकल गेली, हेल्मेट डोक्यावर राहिलं. तसाच भिजत तो बोसापर्यंत चालत गेला.

“आम्ही चौकापाशीच असू तेव्हा,” मिरेया हळूच म्हणाली. “हाक मारली असती तर...”

हाक मारून काय सांगणार होता, की मी परत घरी निघालो होतो?

पण ऐक. दुसऱ्या दिवशी तो पायी आला, डोक्यावर हेल्मेट घालून. आणि काय सांगू! आधी गवंडी सायकलवरून उतरला. मग पहारेकरी. मग एकेक करत सगळेच. सायकली हातात धरून, मधोमध एलिएसेरला घेऊन, गुड फ्रायडेच्या मिरवणुकीसारखे सगळे चालत पुलाखालून गेले. पुलाखालच्या चोरांनी टोप्या काढल्या! आणि पलीकडे पोचल्यावर...

“खोटं.”

मिरेयाने पेला गाडीवर ठेवला. पाणी अर्धं तसंच होतं.

“चोर अकरा की दोन, मला ठाऊक नाही. पण त्या दिवशी मी पुढंच होते, डॉन अबसालोन. कुणी उतरलं नाही. डॉन एलिएसेर कडेला उभे राहिले, मागं कुणी राहिलंय का बघितलं आणि म्हणाले, ‘निघा!’ आणि आम्ही निघालो. मीसुद्धा.”