निळी की पिवळी

"हे चित्र माझं आहे," नलिनी म्हणाली.

डॉक्टर राजाराम सबनिसांनी चष्म्यावरून आधी तिच्याकडे पाहिलं, मग वळून मागच्या भिंतीकडे. तिथे मानेचा तक्ता टांगलेला होता. कापडावर चिकटवलेला, वरखाली काळ्या दांड्या. कातडी सोललेली मान, डावीकडे वळवलेला चेहरा, लाल धमन्या, निळ्या शिरा, पिवळे मज्जातंतू.

"तुमचं कसं? मी विकत घेतलाय तो, मुलुंडहून."

"विकत तुम्ही घेतलात. काढलाय मी. खाली नाव शेठचं आहे, कारण तक्त्यांचा गाळा शेठचा. पण त्या मानेतली एकूण एक रेघ माझ्या हातची आहे. मला एवढंच सांगा, माझ्या बहिणीची कापलीत ती निळी की पिवळी?"

शेजारच्या खुर्चीत वनमाला मान खाली घालून बसली होती. पदर उजव्या खांद्यावरून घट्ट ओढून घेतलेला.

"ताई, हळू गं," ती पुटपुटली. "बाहेर पेशंट बसलेत."

"ऐकू देत."

नलिनीचा राग विक्रोळीच्या सगळ्या कन्नमवारनगरला ठाऊक होता. रॉकेलवाल्याचं तळाला पोचा पाडलेलं माप तिने भर रांगेत उलटं धरून चार जणींना दाखवलं होतं. तिथल्या दोन खोल्यांत या दोघी बहिणीच राहायच्या. लग्न दोघींचंही झालं नव्हतं. का झालं नाही हे विचारायची शेजारणींची छाती नव्हती. नलिनी पन्नाशीची, वनमाला चव्वेचाळीस. वनमाला घाटकोपरच्या म्युनिसिपल शाळेत तिसरीला शिकवायची. तिचं अक्षर असं, की नवीन मास्तरणींना मुख्याध्यापक तिचा फळा दाखवायला आणत.

हात दोघींनाही वडिलांकडून मिळाला होता. काशीराम मेस्त्र्यांची मालवणजवळ गणपतीची शाळा होती. डोळ्यांची रेखणी करायला ते एका केसाचा कुंचला वापरत. मूर्तीच्या गळ्यावर दागिने चढले की गळा दिसायचासुद्धा नाही, तरी कंठाच्या तिन्ही वळ्या ते मन लावून ओढायचे. "दिसना नाय म्हणान रेघ खोटी मारूची नाय," एवढंच सांगायचे. नलिनी चित्रकलेच्या परीक्षा देऊन मुंबईला आली ती तोच कुंचला घेऊन. मेडिकल कॉलेजच्या शवविच्छेदनाच्या दालनात दोन वर्षं उभं राहून तिने माणूस आतून काढला. पहिले चार दिवस तिला अन्न गेलं नाही. पाचव्या दिवशी सरांनी चिमट्याने मज्जातंतूचं एक राखाडी सूत उचलून दाखवलं, "ही मेंदूकडून येणारी अकरावी नर्व्ह. हिच्यावर खांदा उभा असतो." त्या दिवशी ती जेवायची विसरली, पण वेगळ्या कारणाने. पुढे मुलुंडला चंद्रप्रकाश शेठच्या गाळ्यात तक्ते काढायला लागली, त्याला बावीस वर्षं झाली होती.

आणि तरी घरात घडलेलं तिला सात महिने कळलं नव्हतं.

एप्रिलमध्ये वनमालाच्या मानेला उजवीकडे गाठ आली. सुपारीएवढी. क्षयाची गंडमाळ असेल, काढून तपासू, असं सबनीस म्हणाले. शाळेची सुट्टी लागल्यावर तारीख घेतली. फक्त तेवढी जागा बधिर करून वीस मिनिटांत काम झालं. नलिनीला त्या दिवशी तक्त्यांची ऑर्डर पुरी करायची होती. संध्याकाळी घरी येऊन तिने विचारलं, "दुखलं का गं?"

"नाही. एकदा खांदा कसा उडाला आपोआप. डॉक्टर म्हणाले, काही नाही, एक शीर आली मध्ये, बांधून टाकली."

"शीर होय," नलिनी म्हणाली, आणि तिने कुकर लावला.

शीर! दिवसभर जी बाई निळा आणि पिवळा वेगवेगळ्या वाट्यांत कालवते, एकाचा थेंब दुसऱ्यात पडला तर वाटी ओतून देते, तीही घरी आल्यावर सगळ्या गावासारखी दोन्हींना शीरच म्हणत होती. रक्ताची ती शीर, आणि हात चालवते तीही शीर. रक्ताची एखादी बारीक शीर बांधली तर शरीर दुसरी वाट काढतं, हे तिला माहीत होतं. म्हणून तिने पुढे विचारलं नाही.

गाठ क्षयाचीच निघाली. गोळ्या सुरू झाल्या, वजन वाढलं, सगळं छान. जूनमध्ये शाळा उघडली आणि वनमालाचा खडूचा हात खांद्याच्या वर जाईना. सबनीस म्हणाले, टाके ओढतायत, व्यायाम करा. ऑगस्टमध्ये म्हणाले, वय झालं बाई, सांधा आखडलाय. दिवाळीनंतर म्हणाले, सवय होईल. वनमाला मुकाट्याने अंबाडा डाव्या हाताने बांधायला लागली आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायला लागली.

डिसेंबरात शाळेची तपासणी होती. आदल्या संध्याकाळी ती पाटावर येऊन बसली. "ताई, माझी वेणी घालतेस? नीट घट्ट घाल."

नलिनीने हसत कंगवा घेतला. केस पुढे टाकले, पदर सरकवला, आणि तिचा हात थांबला. पाठीवरचा तो स्नायू तिने किती वेळा काढला असेल! कवटीपासून दोन्ही खांद्यांपर्यंत आणि तिथून पाठीच्या मध्यापर्यंत, अंगावर शाल घेतल्यासारखा. वनमालाच्या पाठीवर ती शाल डाव्या बाजूलाच होती. उजवीकडे खांदा खाली उतरलेला, मानेकडे खळगा, आणि फऱ्याचं हाड कातडीखालून बाहेर आलेलं.

"माका सांगूक काय झालां होतां तुका?" रागावली की नलिनीच्या तोंडी मालवणी यायची.

"तू भांडायला गेली असतीस."

"गेलेच असते!"

"म्हणून नाही सांगितलं."

नलिनीने वेणी घातली. इतकी घट्ट, की वनमालाच्या डोळ्यांत पाणी आलं. वेणीमुळेच आलं असं दोघींनी धरलं. तपासणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी सबनिसांच्या समोर बसल्या होत्या.

"हे बघा बाई," डॉक्टर म्हणाले, "तक्त्यावर बघणं वेगळं. तिथे जाड पिवळा पट्टा दिसतो. माणसात ती सुताएवढी असते, गाठीला चिकटून बसलेली."

"ठाऊक आहे मला सुताएवढी असते! मी सुताएवढीच काढली होती. तुमच्या लोकांनी जाड करायला लावली. मागच्या बाकावरच्या पोरांना दिसत नाही म्हणून."

डॉक्टर आवाज मऊ करून म्हणाले, "तुम्ही चित्रं सुंदर काढता. पण वैद्यकी..."

"वैद्यकी नकोच मला. कागद द्या. मोठ्या हॉस्पिटलात दाखवायचंय. आत काय कापलंत ते लिहून द्या."

त्यांनी भराभर चार ओळी खरडल्या. नलिनीने कागद उचलला. तिला इंग्रजी बोलता येत नव्हतं, पण तक्त्यांवरची नावं बावीस वर्षं तीच लिहीत होती.

"इथे व्हेसल लिहिलंय. व्हेसल म्हणजे लाल, नाही तर निळी. रक्ताची. असं रक्ताची नळी बांधून खांदा पडतो होय? मग उठा, आणि त्या तक्त्यावर बोट ठेवा. कुठल्या रेघेवर सुरी गेली ते दाखवा."

डॉक्टर उठले नाहीत. टेबलावरचं पेन त्यांनी उगाच सरळ केलं.

उठली ती वनमाला. टेबलाला वळसा घालून तक्त्यापाशी गेली. वीस वर्षांच्या सवयीने तिचा उजवा हात पुढे झाला, फळ्याकडे जायचा तसा. खांद्यापर्यंत आला आणि थांबला. तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, हात उचलला, एखादी जड वस्तू फळीवर ठेवावी तसा वर नेला, आणि बोट पिवळ्या रेघेवर टेकवलं.

"ही ना, ताई?"

"हीच."

बाहेर एक मूल रडत होतं. डॉक्टरांनी कागद ओढून घेतला, तो शब्द खोडला आणि वर दुसरा लिहिला. नलिनीने अक्षर अन् अक्षर वाचलं. नर्व्ह. मग बहिणीचा हात हळूच खाली घेतला.

"मुद्दाम कोण करतं हो?" दारापर्यंत गेल्यावर मागून डॉक्टर म्हणाले.

"कापलीत ते मुद्दाम नव्हतं," नलिनी म्हणाली. "सहा महिने व्यायाम सांगितलात, ते मुद्दाम होतं."

मोठ्या हॉस्पिटलातला सर्जन तरुण होता. त्याने कागद वाचला, वनमालाच्या पाठीवर हात फिरवला. "तीन-चार महिन्यांत आला असतात, तर टोकं शोधून जोडायचा प्रयत्न केला असता," तो म्हणाला. "आता स्नायूच सुकलाय. जोडून उपयोग नाही." आणि मग, "तेव्हा कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

वनमालाने नलिनीचा हात दाबला. आता इथे नको, असा. परत येताना बसमध्ये नलिनीने तो कागद घडी घालून घालून इतका लहान केला, की कंडक्टरने तिकीट समजून हात पुढे केला.

जानेवारीत ती वनमालाचा विसरलेला डबा द्यायला शाळेत गेली. वर्गाच्या दारात थांबली. फळ्याचा वरचा अर्धा भाग कोरा, काळा. तारीख, वार, पाठाचं नाव, सगळं खालच्या अर्ध्यात. अक्षर तेच, मोत्यासारखं, फक्त दाटीवाटीने बसलेलं. मागच्या बाकांवर कुणी नव्हतं. ती पोरं पुढे येऊन, फळ्याखाली फरशीवर मांडी घालून बसली होती.

"बाईंनी सांगितलंय," दाराजवळची एक मुलगी नलिनीला म्हणाली, "ज्याला दिसत नाही त्याने पुढे यायचं."

त्याच आठवड्यात गाळ्यात मानेच्या तक्त्याची नवी आवृत्ती काढायची ठरली. नलिनीने कोरा कागद ताणून बसवला. कानामागून छातीकडे उतरणारा स्नायू काढला. त्याच्यामागे लाल भरला, निळा भरला. मग ट्रंकेतून आणलेला वडिलांचा कुंचला पाण्यात बुडवला आणि पिवळ्याच्या वाटीला टोक लावलं.

चंद्रप्रकाश शेठ मागे येऊन उभे राहिले. "अरे नलिनीबाई, हे काय? एवढा पतला? जरा मोटा करा ना. मागच्या पोराला दिसणार कसा?"

"पुढे येऊन बघेल."

"कॉलेजवाले कंप्लेन करतील, बाई."

"त्यांना माझं नाव सांगा. या वेळी खाली माझं नाव घालायचं. आणि ही जाड करायची असेल, तर दुसरा माणूस बघा."

शेठ डोकं खाजवत निघून गेले. नलिनीने श्वास रोखला. स्नायूच्या मागच्या कडेला कुंचला टेकवला आणि सुताएवढी पिवळी रेघ खांद्याकडे नेऊ लागली. सावकाश, हात न उचलता, कुठेही तुटू न देता.