साकवाचा बोल्ट

पोलीस पाटील आनंदराव इस्त्रीचा शर्ट घालून तालुक्याच्या गावी, वेल्ह्याला आले होते, आणि त्या शर्टाच्या खिशात एक गंजलेला बोल्ट होता. साक्षीला जाताना खिशात काय न्यावं याचा काही नियम नाही. पण काय बोलायचं ते तरी माणसानं घरून ठरवून यावं. आनंदरावांचं ते ठरलं नव्हतं.

ओढ्यावरचा साकव, गावचा तो छोटा लोखंडी पूल, बाजाराच्या दिवशी कोसळून नऊ माणसं गेली, तेव्हा सरकारनं एका निवृत्त न्यायमूर्तींचा चौकशी आयोग नेमला. आयोग कुणाला तुरुंगात धाडत नाही. साक्षी घेतो, काय झालं आणि का झालं ते शोधतो, अहवाल सरकारला देतो. पुढचं सरकार बघतं. हे सगळं छापलेली नोटीस आनंदरावांनीच घरोघर वाटली होती. वाटली होती, वाचली नव्हती.

तहसील कचेरीच्या हॉलमध्ये साकव बांधणाऱ्या ठेकेदाराच्या वकिलानं सांगून टाकलं, की साकव ठणठणीत होता. धनगरवाड्यावरच्या गोरखनं एकदम चाळीस शेरडं त्यावर घातली, त्या भारानं तो गेला. गोरख त्या नऊ जणांतलाच एक, त्यामुळं तो उत्तर द्यायला येणार नव्हता. उत्तर होतं त्याच्या आईकडं, साळूबाईकडं. अपघाताच्या दोन महिने आधी साकवातून निखळलेला बोल्ट घेऊन ती डोंगर उतरून पाटलांच्या दारात आली होती. वर कळवतो म्हणून पाटलांनी तो खिडकीत ठेवला आणि कळवायचं राहून गेलं. पुढं लग्नपत्रिका वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर तोच बोल्ट ठेवला जायचा.

न्यायमूर्तींनी विचारलं, साकव खिळखिळा झाल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? आनंदरावांनी समोर पाहिलं. तहसीलदार, वकील, टाइप करणारी मुलगी. आपल्यावर केस होणार, गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं.

"न्हाई साहेब. कुणीच न्हाई."

मग साळूबाई आली. तिनं बोल्टापासून सगळं सांगितलं. पाटील तर शपथेवर नाही म्हणतात, असं न्यायमूर्तींनी सांगितल्यावर ती आनंदरावांकडं बघत राहिली. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"पाटील शपथंवर खोटं बोलायचे न्हाईत, साहेब," ती म्हणाली. "म्या म्हातारी झाले. माज्याच डोस्क्यात घोटाळा झाला आसंल."

वकील समाधानानं खाली बसला. आनंदरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेलेल्या पोरावरचा आळ आता अहवालात जाणार होता, आणि तो आपणच पक्का केला होता.

पुढचा साक्षीदार शपथ घ्यायलाच तयार होईना. आयोगाच्या वकील प्रेरणाताई त्याला समजावू लागल्या, की इथं जे सांगाल ते तुमच्याविरुद्ध कुठल्याही खटल्यात वापरता येत नाही, कायदाच तसा आहे. खटला होऊ शकतो तो फक्त खोट्या साक्षीचा. म्हणजे खरं बोलून काहीच बिघडत नव्हतं. आताही वेळ गेलेली नाही, आपण सुटू शकतो, असं आनंदरावांना वाटलं, आणि त्या वाटण्याचीच त्यांना शिसारी आली. साळूबाईला तर अक्षरओळख नव्हती. ती कुठल्या कलमाच्या भरवशावर खरं बोलली होती?

ते उठले. परवानगी न मागताच त्यांनी सरळ पुढं होऊन बोल्ट टेबलावर ठेवला.

"साहेब, बाईनं सांगितलं हुतं. ह्यो तिनंच आणून दिल्याला. खोटं म्या बोललो."

हॉलमध्ये कुजबुज झाली. साळूबाई काठी टेकत टेबलापाशी आली, बोल्ट हातात घेऊन तिनं उलटासुलटा करून पाहिला. आनंदराव शिव्यांची वाट पाहत मान खाली घालून उभे होते. शिव्या त्यांनी आनंदानं खाल्ल्या असत्या.

"मंजी म्या इसरले न्हवते," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली.

न्यायमूर्तींनी तेवढं वाक्यही लिहून घ्यायला सांगितलं.